रीत विचारणारे साहेब

रजेच्या अर्जाऐवजी वेलीचा एक तुकडा माझ्या टेबलावर ठेवून साहेब निघून गेले, तेव्हा मला त्या कार्यालयात लागून दहा दिवससुद्धा झाले नव्हते. सुतळीएवढी हिरवी वेल, तिला चार गाठी. मी कचरा समजून टोपलीत टाकली. शिपायाने ती उचलून परत टेबलावर ठेवली आणि सांगितलं की साहेब चार दिवस येणार नाहीत. डोंगरावरची माणसं लग्नाचं आमंत्रण असंच धाडतात म्हणे. जितक्या गाठी तितके दिवस. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की घरातून निघायचं.

पाचव्या दिवशी साहेब आले तेव्हा मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला. त्यांनी निमूटपणे अर्ज लिहिला, सही केली आणि म्हणाले, "कागदावरचो दिवस सुटत नाय गो. लिवलेलो तसोच रवता."

मी जामसंड्याची. लग्न होऊन ओरोसच्या क्वार्टर्समध्ये आले आणि तिथल्याच एका कार्यालयात टंकलेखनाला लागले. कोणतं कार्यालय ते सांगत नाही. काम जमातीचे दाखले तपासायचं. एखाद्याने अर्ज केला की मी अमुक जमातीचा आहे, तर आधी त्याचे जुने कागद बघायचे. कागद नसतील, किंवा असून पटत नसतील, तर त्याला समोर बसवून रीतीभाती विचारायच्या. देव कोणता, लग्न कसं लागतं, मेलेल्या माणसाचं काय करता, घरात कोणते शब्द बोलता. हे विचारायचं काम साहेबांचं. त्यांनी अहवाल लिहायचा, मी टाइप करायचा आणि निर्णय वरच्या समितीने घ्यायचा.

आमच्याकडे सह्याद्रीच्या उतारावर राहणारी एक जमात आहे. तिचंही नाव लिहीत नाही. मोजकी घरं उरलीत, लगेच ओळखू येतील. पूर्वी मध काढायचे, कोळसा पाडायचे, ओढ्यातले मासे-कुर्ल्या धरायचे. आता वर्षातले सात-आठ महिने देवगडकडच्या आंब्याच्या बागांत मजुरीला असतात. साहेबांचा जीव या माणसांत होता. त्यांच्याविषयी त्यांनी तेवीस वह्या भरल्या होत्या. शाळेतल्या दोनशे पानी वह्या, पुठ्ठ्यावर नंबर, सगळ्या एका पत्र्याच्या ट्रंकेत. शर्टाच्या खिशात दोन पेनं असायची. माणूस जे सांगेल ते निळ्याने लिहायचं आणि त्यावर आपलं मत तांबड्याने.

उंच, काटकुळं शरीर, खांदे पुढे आलेले. टपरीवर चहा घेतला की पहिला घोट जमिनीवर ओतायचे, वडीलधाऱ्यांसाठी. टपरीवाला रोज कुरकुरायचा, कारण तिथे मुंग्या व्हायच्या. डब्यात बहुतेक वेळा उकडलेले करांदे, म्हणजे रानातले कंद, आणि मीठ. कार्यालयात सगळ्यांशी मालवणीत बोलायचे, अगदी पाहणीला आलेल्या वरिष्ठांशीसुद्धा. त्यांच्या तोंडून शुद्ध मराठी ऐकू आली की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

लग्न केलं नव्हतं. ते मूळचे कुणकेश्वरचे, थोरल्या भावाचं घर तिथे. तरुणपणी मुलगी बघायला गेले, तर मुलीच्या आजीला त्यांच्याकडच्या नवरात्राच्या रीती दोन तास विचारत बसले आणि मुलीचं नाव विचारायचं राहिलं, असं त्यांच्या वहिनीच सांगायच्या. पुन्हा त्यांना कोणी मुलगी दाखवली नाही.

त्यांच्या या नादाने माणसं दुखावायचीसुद्धा. आमच्या लेखापालांची आई गेली तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो. साहेब थोडा वेळ बसले, मग वही काढून विचारू लागले की शेवटचं पाणी कोणी दिलं, कोणत्या हाताने दिलं, डोकं कोणत्या दिशेला होतं. लेखापाल उठले, साहेबांचा दंड धरला आणि त्यांना अंगणात नेऊन सोडलं. बसने परतताना मी म्हटलं की साहेब, आज विचारायला नको होतं. त्यांना खरोखरच कळलं नाही. म्हणाले, "आज नाय इचारला तर पंधरा दिवसांनी सगळा इसारतत. रीत म्हणजे पायवाट गो. चलला नाय तर गवात येता."

हा नाद त्यांना लागला कसा, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी डोंगरावरच्या त्या वाडीत घरांची यादी करायला त्यांना पाठवलं होतं. तिथे ताप भरला. खाली न्यायला वाट नाही, ओढा भरलेला. वाडीतल्या एका म्हाताऱ्याने त्यांना अकरा दिवस आपल्या झोपडीत ठेवलं, कसलासा पाला उकळून पाजला, घरातली एकुलती एक घोंगडी त्यांच्या अंगावर घातली. ताप उतरल्यावर त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं की तुमचे उपकार कसे फेडू. म्हातारा म्हणाला की तुला लिहिता येतं, आमचं लिहून ठेव, आमच्यात कोणाला येत नाही. त्यावरून वह्या सुरू झाल्या. पुढे वीसबावीस वर्षं साहेब सुट्टी मिळाली की वर जायचे आणि म्हातारा सांगेल ते लिहायचे. म्हातारा वारला आणि साहेबांचं जाणं थांबलं. गुडघाही दुखायचा, पण ते कारण नव्हतं. आता कोणाला विचारू, असं म्हणायचे. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांच्या लेखी ती वाडी तिथेच संपली. उरली ती ट्रंकेत.

खोटा दावा त्यांच्यापुढे टिकत नसे. एकदा एका ठेकेदाराचा मुलगा आला. आडनाव जुळत होतं, कागद कुठूनतरी केले होते, आणि कोणाकडून तरी प्रश्नांची उत्तरं पाठ करून आला होता. देव, लग्न, मयत, सगळं घडाघडा सांगितलं. साहेब खूश झाल्यासारखे मान हलवत होते. शेवटी त्यांनी विचारलं की मध काढायला निघताना तुमच्याकडे माणूस घरात काय सांगून निघतो. मुलाने क्षणभर विचार केला आणि देवाचं नाव घेऊन काहीतरी सुंदर वाक्य सांगितलं. साहेबांनी वही मिटली. मधाला जाणारा माणूस काहीच सांगत नाही. नुसता उठून जातो. सांगितलं तर माश्यांना कळतं.

त्या संध्याकाळी त्यांच्या स्कूटरचे दोन्ही टायर कोणीतरी फाडले. ती ढकलत ते खोलीवर गेले. दुसऱ्या दिवशी उलट त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

हे सगळं मी अशासाठी सांगते की पुढे जे झालं ते एखाद्या कामचुकार माणसाच्या हातून झालं नाही. त्यांच्या हातून झालं.

ती मुलगी आली तेव्हा साहेबांच्या निवृत्तीला सहा-सात महिने होते. बारावी झालेली, नर्सिंगला नंबर लागलेला. वैधतेचा कागद वेळेत दिला नाही तर जागा जाणार होती. ती त्याच म्हाताऱ्याची नात. साहेबांनी अर्जावरचं नाव वाचलं आणि मला म्हणाले की ही लहान असताना हिला मी खांद्यावर घेऊन ओढा ओलांडलाय. मला वाटलं, बरं झालं, हिचं काम झालं.

घरात कागद कसलेच नव्हते. झोपडीला ना सात-बारा ना घरपट्टी, आजोबा शाळेत गेले नाहीत. म्हणून रीतीभातींवर सगळं होतं. मुलगी नीटनेटकी, दोन वेण्या, हातात प्लास्टिकची पिशवी. सातव्या वर्षापासून वसतिगृहात वाढलेली. साहेबांनी शुद्ध मराठीत विचारायला सुरुवात केली. नियमच होता तो, अर्जदाराशी ओळख दाखवायची नाही.

देव कोणता, तर ती म्हणाली गणपती. लग्नातली गाणी? माहीत नाहीत, वाडीतलं लग्न कधी बघितलंच नाही. घरातले शब्द विचारले, त्यातले चारपाच आले. मग मयताचं विचारलं. त्यांच्यात पुरतात, डोकं दक्षिणेला ठेवतात आणि उशाला त्या माणसाची कोयती ठेवतात. हे चौथ्या वहीत नकाशासकट होतं. मुलगी म्हणाली, "आम्ही जाळतो."

साहेबांनी पेन थांबवलं आणि पुन्हा विचारलं. तिने सांगितलं की तिचे वडील जामसंड्याच्या बागेत आंब्यावरून पडून गेले, तेव्हा त्यांना तिथल्याच स्मशानात जाळलं. आजीलाही जाळलं. साहेबांनी निळ्या पेनाने लिहून घेतलं.

बाहेर येऊन ती माझ्या टेबलापाशी थांबली. पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर हळूच विचारलं, "ताई, मी कायतरी चुकीचं सांगितलं काय?" मी म्हटलं, नाही गं, जे खरं ते सांगितलंस.

संध्याकाळी अहवाल माझ्याकडे आला. शेवटची ओळ अशी होती: अर्जदाराने सांगितलेल्या रूढी-परंपरा सदर जमातीच्या रूढी-परंपरांशी जुळत नाहीत. मी ते पान घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, साहेब, तुम्ही हिच्या आजोबांना ओळखता, हिला ओळखता. तेवढी एक ओळ घाला. ते शुद्ध मराठीत म्हणाले, "माझी ओळख हा पुरावा नाही." मग थोड्या वेळाने समजावत राहिले. ओळखीवर दाखले मिळायला लागले तर त्या ठेकेदाराच्या मुलालाही ओळखणारे दहाजण मिळतील. मी विचारलं, तिने सांगितलं, मी लिहिलं. वर माणसं बसलीत, ती बाकीचं बघतील.

मी टाइप केलं. माझंही नाव त्यात आहे, खाली डाव्या कोपऱ्यात आद्याक्षरं. वरच्या माणसांनी बहुधा शेवटची ओळच वाचली. दावा अमान्य झाला आणि जागा गेली.

निकालाचं पत्र घेऊन मुलगी आली नाही, तिची आई आली. बाईला वाचता येत नव्हतं. पत्रात काय आहे ते कोणीतरी सांगितलं होतं, पण का, ते कोणी सांगितलं नव्हतं. खुर्ची दिली तर बसेना, पडवीत खालीच बसली. साहेब बाहेर आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले, गुडघा दुखत असताना. तिच्या भाषेत बोलू लागले. मला सगळं कळलं नाही, पण नवऱ्याला जाळलंत का, पुरलं का नाही, असं ते विचारत होते. बाई मालवणीत बोलली, बहुधा आम्हा सगळ्यांना कळावं म्हणून. "पुरूचा खंय, सायबा? तुमी जागा दाखवा."

आणि मग तिने सांगितलं. वरच्या अंगाला त्यांची मयताची जागा होती, ती काजूच्या लागवडीत गेली. तारेचं कुंपण आलं, फाटक आलं, फाटकावर माणूस आला. सासूला घेऊन गेले तेव्हा फाटक उघडलं नाही. पावसात तिरडी खाली ठेवून दुपारपर्यंत थांबले आणि मग दुसऱ्या गावाच्या हद्दीत नेऊन जाळली. देवाचा दगडही त्याच कुंपणाच्या आत राहिला. लग्नं पूर्वी उन्हाळ्यात व्हायची, आता उन्हाळ्यात सगळे बागेत. मग बागेतल्याच शेडमध्ये दोन हार घालून उरकतात, गायला कोण बसतंय. मुलीने गणपती सांगितला, कारण वसतिगृहात गणपती बसायचा.

तिच्या आवाजात राग नव्हता. बाजारातले भाव सांगावेत तसं सांगत होती. साहेब उठले, अभिलेख कक्षात गेले आणि कार्यालय सुटेपर्यंत तिथेच बसून राहिले.

पुढचे काही महिने त्यांनी या एकाच गोष्टीत घालवले. निर्णयाविरुद्ध वर दाद मागता येते. त्यांनी ओळखीच्या वकिलाला गाठलं, अर्ज करवला, आणि बऱ्याच खेपांनंतर प्रकरण पुन्हा सुनावणीला आलं. तोवर ते निवृत्त झाले होते. सुनावणी दुसरा अधिकारी घेणार होता. साहेबांनी ओरोसची खोली सोडली नाही.

एका रविवारी मायलेकींना घेऊन ते माझ्या क्वार्टरवर आले. सोबत ट्रंक. त्यांचं म्हणणं, एकट्या पुरुषाच्या खोलीत मुलीला बसवणं बरं दिसत नाही, तर तुझा व्हरांडा दे. मुलीला सगळ्या रीती शिकवायच्या होत्या. सुनावणीत तिने एकही उत्तर चुकायला नको.

मी व्हरांडा दिला, पण मला ते बघवायचं नाही. साहेब विचारायचे, ती उत्तर द्यायची, चुकली की ते दुरुस्त करायचे. तिच्याच घरातल्या शब्दांचे उच्चार ते तिला शिकवत होते. डोकं कोणत्या दिशेला? दक्षिणेला. उशाला काय? कोयती. पहिलं मधाचं पोळं कुठे ठेवता? ती पुस्तकातल्या प्रश्नासारखं सरळ बसून सांगायची. ठेकेदाराचा मुलगा असाच बसला होता. साहेबांच्याही ते ध्यानात आलं असणार, कारण मध्येच ते पुढचा प्रश्न विसरायचे.

एक रविवार मात्र बरा गेला. लग्नाचं गाणं शिकवताना साहेब आपल्या फाटक्या आवाजात म्हणून दाखवत होते. आई बाजूला बसून माझे तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता सांगितलं की दुसरं कडवं चुकलं, ते पलीकडच्या वाडीचं आहे. साहेबांनी वही बघितली, वहीत तसंच होतं. मग तिने ते गाणं म्हटलं. आधी पुटपुटल्यासारखं, मग जरा मोकळ्या आवाजात, पाचसहा कडवी. मुलगी तोंडाकडे बघत राहिली. तिने विचारलं, तुला येतं हे? आई म्हणाली, "तू कधी इचारलंसच नाय." साहेबांनी तांबड्या पेनाने वहीतलं कडवं खोडलं आणि निळ्याने नवीन लिहिलं. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे दुसऱ्यांदा चहा मागितला.

त्याच्या पुढच्या की त्याच्याही पुढच्या रविवारी एकोणिसावी वही निघाली. साहेबांचे डोळे दुखत होते म्हणून मुलगीच मोठ्याने वाचत होती. मयताचंच प्रकरण होतं, म्हाताऱ्याने त्याच्या शेवटच्या वर्षांत सांगितलेलं. वाचता वाचता ती एका जागी थांबली आणि मग तेच पुन्हा सावकाश वाचलं. आजोबांचे शब्द होते: वरची जागा आता बंद करणार म्हणतात. औंदा दोघांना जाळलं. पुरायला जागा उरली नाही. उद्या पोरं विचारतील तर काय सांगू?

त्याच्यापुढे तांबड्या पेनाने लिहिलं होतं: अपवादात्मक. प्रश्नावलीत घेऊ नये.

मुलीने वर बघितलं. "ह्या कोणी लिवला?"

"मियां," साहेब म्हणाले.

आईने तांदळाचं सूप खाली ठेवलं. साहेबांनी वही मागून घेतली, चष्मा लावला आणि ती दोन ओळींची नोंद इतका वेळ बघत राहिले, की मला वाटलं ते पुढची पानं उलटून त्यावर काहीतरी खुलासा शोधतील. खुलासा नव्हता. म्हाताऱ्याने त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी ते ऐकलं होतं, लिहिलं होतं, आणि बाजूला सारलं होतं. कारण त्याने वहीतली रीत बिघडत होती.

मुलगी उठून मागच्या दाराशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. त्या दिवशी शिकवणी तिथेच थांबली. जाताना साहेब तिला फक्त इतकंच म्हणाले की आता काही पाठ करू नकोस, जे आहे ते सांग.

त्यांनी स्वतःविरुद्ध निवेदन लिहिलं. ते मीच टाइप केलं, घरच्या कॉम्प्युटरवर. जमातीची मयताची जागा बंद झाल्याचं मला मूळ माहितीदाराने अर्जाच्या कितीतरी आधी सांगितलं होतं, माझ्या वहीत त्याची नोंद आहे, ती मी अहवालात दडवली नाही, पण माझ्या मताने अगोदरच रद्द केली होती, त्यामुळे माझा अहवाल चुकीचा आहे. सोबत एकोणिसाव्या वहीच्या पानांच्या प्रती. जुन्या सहकाऱ्यांनी समजावलं की निवृत्त झालात, कशाला ओढवून घेता, विस्मरण झालं म्हणा. त्यांनी ऐकलं नाही. व्हायचं ते झालंच. चौकशीची नोटीस आली, तीनदा बोलावणं आलं. ज्या खोलीत ते लोकांना विचारायचे त्याच खोलीत त्यांना विचारण्यात आलं. बाहेरच्या बाकावर आपला नंबर यायची वाट बघत ते बसलेले मी बघितले. शिपायाने आत बसायला सांगितलं तरी गेले नाहीत.

फेरसुनावणीला टिपणं घ्यायला मी होते. नव्या अधिकाऱ्याने मयताचं विचारलं. मुलीने आधी पुरण्याची सगळी रीत सांगितली. अधिकाऱ्याने विचारलं, हे तू बघितलंयस का? ती म्हणाली की नाही, माझ्या आजोबांनी साहेबांना सांगितलं होतं आणि साहेबांनी मला. आम्ही आता जाळतो, कारण जागा नाही. गाणं विचारलं तेव्हा तिने आईकडून शिकलेलं म्हटलं. अधिकारी तरुण होता. त्याने गाणं संपेपर्यंत थांबवलं नाही.

वैधतेचा कागद निघाला तेव्हा पहिल्या अर्जाला तीन वर्षं होत आली होती. कागद पोस्टाने गेला असता, पण साहेबांनी तो हातात मागून घेतला. मला म्हणाले चल, तुझ्या माहेरच्या वाटेवरच आहे. आम्ही बसने जामसंड्याला गेलो आणि तिथून चालत बागेत.

मुलगी शेडमध्ये पेंढ्यावर आंबे लावत होती, लहान-मोठे वेगळे करून. चेहरा उन्हाने रापला होता, एक वेणी. साहेबांनी कागद पुढे केला. तिने हात ओढणीला पुसले आणि तो पूर्ण वाचला, शिक्क्यापर्यंत. साहेब म्हणाले की पुन्हा अर्ज करू, यंदा नंबर लागेल, मी सगळीकडे येतो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता माका नको. बारकेक होयत."

धाकटी बहीण तेव्हा दहावीला होती. सख्ख्या बहिणीचा कागद असला की धाकटीला इतकं विचारत नाहीत, हे तिला कोणीतरी सांगितलं होतं. आईची कंबर गेली होती, दोघींपैकी एकीला बागेत राहायलाच हवं होतं. साहेब पुन्हा काही बोलायला गेले. ती शांतपणे म्हणाली की शिकलेलं सगळं विसरले मी, साहेब. राग नव्हता. तिच्या आईसारखीच. तिने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून शेडच्या आढ्याला, पावसाचं पाणी लागणार नाही अशा ठिकाणी खोचला आणि पुन्हा आंबे लावायला बसली. साहेब शेडच्या बाहेर उन्हात उभे राहिले. मी हाक मारली तेव्हा कुठे हलले.

बसमध्ये मी म्हटलं की साहेब, टाइप तर मीच केला होता. ते म्हणाले, "तू काय करतलंस? मी लिवलंय ता." बाकी ओरोस येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

त्यानंतर त्यांनी कोणाला रीत विचारलेली मला आठवत नाही. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा आले, तासभर बसले, हात जोडले आणि गेले. वह्या वाडीत नेऊन द्याव्यात असं त्यांच्या मनात होतं. मुलीने सांगितलं की छप्पर गळतं, तुमच्याकडेच ठेवा. मग ओरोसची खोली सोडताना त्यांनी ट्रंक माझ्याकडे ठेवली. धाकटी बहीण कधीमधी येते आणि एखादी वही वाचायला नेते.

साहेब शेवटी कुणकेश्वरला भावाकडे गेले. तिथे फार दिवस काढले नाहीत. अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, तिसऱ्या दिवशी संपलं. मी मुलीला फोन केला. तिने ऐकून फोन ठेवला, येते असं म्हणाली नाही.

बाराव्याला मी गेले. मंडपात नातलग आणि शेजारी, आमच्या कार्यालयातून मी एकटी. पंगत बसत होती, तेवढ्यात ती आली. बागेतून तशीच आली असावी, केसांत पेंढ्याची काडी होती. मंडपाच्या कडेला उभी राहिली. तिला तिथे कोणी ओळखत नव्हतं आणि मी उठून जाईपर्यंत साहेबांच्या वहिनी तिच्यापाशी पोचल्या.

"तू खंयची गो?" त्यांनी विचारलं.

तिने डोंगराच्या बाजूला हात केला.

"आमच्या भावजींक कशी वळाखतस?"

माझ्याकडे तिने बघितलं, पण मदतीसाठी नव्हे. मग म्हणाली, "माका शिकवल्यानी."

वहिनींनी तिला हाताला धरून माझ्या शेजारी बसवलं, पान मांडलं, वडे वाढले, काळ्या वाटाण्याची उसळ वाढली. वाढता वाढता त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "पोटभर जेव गो बाय. इतकी वर्सां नोकरी केल्यानी, पण त्येंच्या हाताखालचा शिकलेला असा कोणच इला नाय."

मुलगी खाली मान घालून जेवू लागली. वहिनींनी आणखी एक वडा वाढला, तो तिने नको म्हटलं नाही.